रिकामा सापळा

"बेटा, रिकामा सापया दखीसन हासू नको. पतंगच नही म्हणीसन तो रिकामा शे, का त्यानी गोई मरी गयी म्हणीसन, ते पहिले दख."

उखाआबांनी हे बजावलं तेव्हा चेतना खरोखरच हसली होती. नोकरीचं पहिलं वर्ष, अंगात कृषी पदवीचा ताठा, आणि सत्तरीचा एक शेतकरी तिला कामगंध सापळा शिकवायला निघालेला. कपाशीत काठीला टांगलेलं प्लॅस्टिकचं नरसाळं, खाली लांब पिशवी, वर टोपणात मादी पतंगाच्या वासाची इवलीशी गोळी. त्या वासाच्या ओढीनं नर येतात आणि पिशवीत पडतात. रोज सकाळी ते मोजायचे. सलग तीन दिवस आठ-आठ निघाले की बोंडअळी येणार असं समजायचं आणि फवारणीला लागायचं. त्यात शिकवण्यासारखं होतं काय? आबांच्या पिशवीत आठवडाभर एकही पतंग नव्हता. चेतनानं वहीत शून्य लिहिलं आणि सांगितलं, "फवारू नका."

गोळी जुनी होऊन तिचा वास केव्हाच उडून गेला होता. ते कळेपर्यंत आबांच्या बोंडाबोंडांत गुलाबी अळी शिरली होती. आबा रागावले नाहीत. एक किडकं बोंड त्यांनी तिच्या तळहातावर ठेवलं. "हाई तुन्हापाशी ऱ्हाऊ दे."

ते बोंड तिच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात राहिलं ते राहिलंच. पुढं लग्न झालं, जागृती झाली, आणि पोर वर्षाची असताना शहाद्याच्या रस्त्यावर नवऱ्याची, ललितची, मोटारसायकल घसरली आणि तो गेला… त्या सकाळीही सगळं ठीकच होतं. तेव्हापासून चेतनाचा "सगळं ठीक आहे" या शब्दांवरचा विश्वास उडाला. चार वर्षांची जागृती जरा गप्प बसली तरी तिचा हात आधी पोरीच्या कपाळावर जायचा. चूल बंद आहे ना, कडी लागली ना, श्वास नीट चाललाय ना — ती पाहत राहायची, पुन्हा पाहत राहायची. गावोगावच्या सापळ्यांचंही तसंच. गोळी बदलल्याची तारीख आता ती प्रत्येक काठीवर खडूनं लिहीत असे.

म्हणूनच ऑक्टोबरच्या त्या सकाळी सारंगखेड्याच्या शिवारात, कौसाबाईंच्या कपाशीत, एक अनोळखी माणूस तिच्या सापळ्याच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून उभा दिसला, तेव्हा ती बांधावरूनच म्हणाली, "ते पतंग माझे आहेत."

तो दचकला नाही. फक्त मान वळवली. कॅनव्हासचे बूट चिखलात रुतलेले, चष्म्यावर दवाचे थेंब, आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा आनंद.

"मोजून झाले की परत देतो."

"किती झाले?"

"सात. नाही… आठ. एक जण पळायच्या बेतात आहे."

"हात धुवा नीट. त्या गोळीचा वास लागला असेल तर दिवसभर पतंग मागं लागतील."

"इतक्या सहज कुणी मागं लागणार असेल तर नाहीच धूत."

चेतनानं हसू दाबलं आणि वही उघडली. वहीवर टपटप थेंब पडले. तापीच्या पलीकडून परतीचा पाऊस आडवा आला, तसे दोघं विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडे पळाले. खोली कसली, तीन भिंती आणि वर पत्रा. पत्र्यावर सरी अशा आदळत होत्या की बोलायला जवळ वाकावं लागत होतं, आणि वाकलं की… त्याच्या ओल्या शर्टाला कपाशीच्या पानांचा हिरवट वास येत होता. चेतना अर्धं पाऊल दाराकडे सरकली.

"मी भाग्येश," तो म्हणाला. "हे वावर मायचं."

"म्हणजे कौसामावशींचा डॉक्टर मुलगा?"

"उंदरांचा डॉक्टर म्हणते ती. सुई टोचता येत नाही, खोकल्याचं औषध देता येत नाही. गावात माझा काही उपयोग नाही." मग त्यानं पत्र्याखालून सापळ्याकडे पाहिलं. "त्या गोळीत नेमकं काय असतं?"

चेतनानं शेतकऱ्यांच्या बैठकीतला आवाज काढला. "मादीचा गंध. नर ओढीनं येतात."

"म्हणजे बिचारे लग्नाला निघालेले असतात."

"हो."

"आणि वाटेत पिशवीत पडतात."

"आम्ही त्याला कीड व्यवस्थापन म्हणतो." तिचे कान उगाच तापले होते.

तो हसला, आणि मग एकाएकी गंभीर झाला. पाकिटातून त्यानं प्लॅस्टिकची छोटी पुडी काढली. आत एक पांढरी चकती होती, शर्टाच्या बटणाएवढी, स्पंजासारखी भोकाभोकांची.

"हा माझा सापळा."

पुण्याच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं तो या बटणावर काम करत होता. कॅन्सरच्या मूळ गाठीतून काही पेशी सुटतात, त्यानं सांगितलं. रक्तातून हिंडत राहतात. फुप्फुसात, हाडात, मिळेल तिथं घर करतात, आणि खरं मरण तिथून येतं. ही चकती कातडीखाली ठेवायची. तिच्यावर एक लेप असतो. त्याच्या ओढीनं त्या भटक्या पेशी दुसरीकडे रुजायच्या आधी इथं येऊन अडकतात. चकती काढून तपासली की कळतं… निघाल्यात.

"यानं आजार बरा होतो?"

"नाही. सुगावा लागतो. वेळेत."

"आमच्या सापळ्यानंही अळी मरत नाही," चेतना हळूच म्हणाली. "फवारणी कधी करायची तेवढं कळतं."

"तेच. अगदी तेच." लहान मुलानं गोटी दाखवावी तसा तो तळहात पुढं करून उभा होता. चेतनाला वाटलं, सहा वर्षं… सहा वर्षं एका बटणासाठी सकाळी उठणारा माणूस कसा असत असेल? तिनं नव्यानं त्याच्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता, आणि ओल्या शर्टानं पुसल्यामुळे तो आणखीच धूसर होत होता. तिनं न बोलता ओढणीचं कोरडं टोक पुढं केलं.

"पण गेले तीन महिने चकत्या रिकाम्याच निघतायत," तो काच पुसत म्हणाला. "उंदरांना कॅन्सर आहे, पसरलाय तेही दिसतंय, आणि सापळ्यात एक पेशी नाही. सर म्हणतात, कल्पनाच चुकली असेल. डिसेंबरपर्यंत काही दाखवता आलं नाही तर काम बंद. म्हणून पंधरा दिवस डोकं थंड करायला घरी आलो."

"गोळी कधी बदललीत?"

"काय?"

"तो लेप. ओढून घेणारा. किती दिवसांचा आहे?"

"एकदाच मोठा घाणा करून ठेवलाय फ्रीजमध्ये. सगळ्या चकत्यांना सारखाच हवा म्हणून…" तो थांबला. "मे महिन्यात."

"आता ऑक्टोबर आहे."

पाऊस थांबला होता. पत्र्यावरून एक-एक थेंब निथळत होता आणि दोघांपैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. चेतनानं पिशवीतून वाळकं बोंड काढलं आणि उखाआबांची गोष्ट सांगितली. आपल्या मूर्खपणाची गोष्ट ती कुणाला सांगत नसे. याला का सांगितली, कोण जाणे.

त्यानं बोंड उलटसुलट करून पाहिलं. "हे मी नेऊ? टेबलावर ठेवतो."

"परत आणायचं."

"म्हणजे परत यायचं."

"बोंड परत आणायचं म्हटलं मी."

"ते काय एकटं येणार आहे?"

पंधरा दिवसांची रजा चौथ्या दिवशीच मोडून तो पुण्याला गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता चेतनाचा फोन वाजला.

"आज किती?"

"नऊ. तुमचे?"

"शून्य. पण आज नवा लेप चढवतोय. एकविसाव्या दिवशी उघडायचं."

मग रोज आठला. ती ओल्या कपाशीत, तो पांढऱ्या कोटात. नऊ, अकरा, सहा. एकविसाव्या दिवशी त्याची चकती रिकामीच निघाली, आणि त्यानं लेपाचं प्रमाण बदलून पुन्हा चढवला. आकड्यांच्या मधल्या जागेत हळूहळू बाकीचं भरत गेलं: जागृतीला बालवाडीत कुणी चावलं, त्याच्या खोलीवरचा गॅस संपला, तिला ढगाळ हवेत ललितची आठवण येते, त्याला घोड्यांची भीती वाटते. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवत नाही. एका रविवारी जागृतीनं फोन ओढून घेतला आणि विचारलं, "तुझ्या उंदरांना नावं आहेत का?" त्या दिवसापासून प्रयोगशाळेतल्या सतरा नंबरच्या उंदराला जागू म्हणतात.

कौसाबाई सगळं पाहत होत्या. "मन्हा वावरमा आते पतंग कमी आनि फोनच जास्ती येतस," त्या चहा गाळताना म्हणत, आणि चेतना वहीत तोंड खुपसे. तीन वर्षांपूर्वी नाशिकला त्यांच्या उजव्या स्तनाच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया झाली होती. दर सहा महिन्यांनी तपासणी होती, आणि त्या बऱ्या होत्या. भाग्येशनं फोनवर विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "मी बरी शे. तपासी उनू. तू तुन्हा उंदीर सांभाय."

चेतनालाही ते खरं वाटायचं. मग नोव्हेंबर सरताना तिला पाटल्या दिसल्या.

सोन्याच्या दोन पाटल्या, एरवी एकेका हातात असायच्या. आता दोन्ही डाव्या हातात होत्या. "उजवा हात कामना शे, आड येतस," कौसाबाई म्हणाल्या. पण जागृतीला त्यांनी डाव्या हातानंच उचललं. फळीवरचा डबाही डाव्या हातानं काढला. पाटावरून उठताना चेतनानं त्यांचं उजवं मनगट धरून आधार दिला, आणि सोडलं तर तिच्या बोटांचे खड्डे सुजलेल्या मनगटावर तसेच राहिले होते.

"मावशी, तपासणीची फाइल दाखवा."

"कसाले?"

"दाखवा."

फाइल ज्वारीच्या कोठीमागं होती. शेवटची तारीख दीड वर्षापूर्वीची.

कौसाबाई जागृतीच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "त्याले सांगू नको. तठे त्यानी डबी रिकामी निंघस, तो रडस, माले फोनमा आयकू येस. मी परत दवाखानामा पडनू ते तो सगयं सोडीसन यी. डिसेंबर व्हई जाऊ दे. तुले मन्ही आन शे. सांगशी ते ह्या घरमा पाय ठेवू नको."

चेतना गप्प बसली. एक दिवस, दोन दिवस… सकाळी आठला फोन वाजायचा, "मायचं कसं?" तो विचारायचा, आणि ती म्हणायची, "आज चार पतंग." लेकीच्या कपाळाला दिवसातून दहा वेळा हात लावणारी बाई एका तापलेल्या घराकडे पाठ करून उभी होती. त्या घरात पाय ठेवता येणार नाही, याची तिला इतकी भीती का वाटत होती, हेही तिला आता कळून चुकलं होतं. जागृतीला ते अंगण आवडत होतं. आणि तिला स्वतःला…

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली. नदीकाठी घोड्यांच्या रांगा, आयाळीत गुंफलेले गोंडे, धुळीत मिसळलेला शेवेचा वास. भाग्येश न कळवता आला. गर्दीतून, प्रत्येक घोड्याला लांबून वळसा घालत, तो थेट तिच्यापुढं येऊन उभा राहिला. एका हातात वाळकं बोंड, दुसऱ्यात मोबाइल.

मोबाइलच्या काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके चमकत होते.

"मोज," तो म्हणाला.

तिनं मोजले. एकवीस.

"जागूच्या चकतीत अडकलेल्या पेशी. फुप्फुसात काही दिसायच्या आधी. आधी, चेतना. काम चालू राहणार. अजून उंदरातच आहे. माणसापर्यंत यायला कितीतरी वर्षं जातील. पण येईल."

तिचे डोळे भरून आले. या माणसानं शून्यापुढं हात टेकले नव्हते. परत मांडलं, परत पाहिलं.

जागृती पलीकडे एका ठेंगण्या तट्टाला चणे भरवत होती. तिच्याकडे पाहत तो पुढं म्हणाला, आणि आता शब्द प्रयोगशाळेतले नव्हते, घरचे होते, "माले तुन्हाबिगर करमत नही. तू आनि जागृती… मन्ही मोजणीमा दोन्हीच धरेल शेत."

हेच ऐकायला दोन महिने तिचा जीव टांगलेला होता. तिनं बोंड घेतलं. मूठ मिटली.

"आधी घरी चल. मायचा उजवा हात बघ."

"मायला काय झालं? रोज विचारतो मी. रोज म्हणते, बरी शे."

"रोज एकच उत्तर येतं ना? शून्य." तिनं मूठ उघडून बोंड त्याच्यापुढं धरलं. "गोळी पाहिलीस का कधी?"

तो पाहत राहिला. मागं एक घोडा फुरफुरला, त्याच्या खांद्यावर मान आली, तरी तो हलला नाही.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दहा दिवस."

"दहा दिवस तू रोज सकाळी माझ्याशी पतंग मोजत होतीस."

तो वळला आणि गर्दीत गेला. या वेळी कुठल्याही घोड्याला वळसा न घालता.

त्याच दुपारी तो आईला घेऊन नाशिकला निघाला. गाडीत बसताना कौसाबाईंनी चेतनाकडे पाहिलंसुद्धा नाही. जागृतीनं हात हलवला, तो तसाच हवेत राहिला.

काखेत एक लहान गाठ होती. अजून तिथंच होती, पुढं कुठं गेलेली नव्हती. उपचार सुरू झाले. हे तिला उखाआबांकडून कळलं. भाग्येशनं आठचा फोन बंद केला होता. चेतना तरी आठला त्या वावरात जायची आणि वहीत आकडा लिहायची. तीन. दोन. शून्य. शून्यापुढं गोळीची तारीख.

फेब्रुवारीत एका सकाळी आठ वाजता फोन वाजला.

"आज किती?"

"पतंग संपले. कपाशी उपटली."

"मग काय मोजतेस?"

"दिवस."

"दहा दिवसांसाठी मी तुझ्यावर रागावलो," तो म्हणाला. "मी तर दीड वर्षं न बघता शून्य लिहीत होतो. डॉक्टर म्हणाले, ज्यानं हात पाहिला त्याचे आभार माना. मी म्हटलं, ती बोलत असेल तर मानतो." मग जरा थांबून, "माय घरी आलीय. तुला बोलावलंय. रागात आहे की कशात, मला कळत नाही. मी उंदरांचा डॉक्टर."

चेतना जागृतीला घेऊन गेली. उंबऱ्याशी थांबली. कौसाबाई ओसरीत बसल्या होत्या, डोक्याला रुमाल, उजवा हात उशीवर टेकवलेला. भाग्येश रिकाम्या कपबशा घेऊन दाराआड उभा होता.

"मावशी, तुम्ही म्हणाला होतात, पाय ठेवू नको…"

"म्हनी व्हती." कौसाबाईंनी डाव्या हातातली एक पाटली ओढून काढली. "ही उजवा हातनी शे. मन्हा हातमा आते बसाव नही, डाक्टरनी सांगेल शे. कोन्हा तरी दुसरा उजवा हातमा बसस का, ते दखू दे. ये आठे."

चेतना उंबरा ओलांडून गेली. गुडघ्यावर बसून तिनं हात पुढं केला. पाटली जरा अडली, मग मनगटावर सरकली. कौसाबाईंनी ती एकदा गोल फिरवून पाहिली.

"बसनी," त्या म्हणाल्या. आणि दाराकडे न बघता, "आते तरी चहा आन रे."

आता दर सोमवारी सकाळी आठला चेतना सासूचं उजवं मनगट हातात घेते, बोटानं दाबते आणि खड्डा भरायला किती वेळ लागतो ते मोजते. कौसाबाई शिव्या घालतात आणि हात पुढं करतात. पुण्यात चकत्या भरतायत, काही रिकाम्याही निघतायत, आणि भाग्येश रिकाम्या चकतीचा लेप आधी तपासतो. चेतनानं परत दिलेलं ते बोंड पुन्हा त्याच्या टेबलावर आहे.

तुमच्याही माणसांत कुणीतरी असेल… आई, सासू, एकटी राहणारी मावशी. विचारलं की म्हणत असेल, "मला काही झालेलं नाही." चेतनाचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. ते उत्तर लिहून घेऊ नका. आज जा तिच्याकडे. डबा कुठल्या हातानं काढते ते बघा, फाइल मागा, शेवटची तारीख वाचा. दहा दिवस थांबू नका.